भाता नसलेली पेटी

बुवा कुणाच्याही घरी गेले की आधी पंखा बंद करायचे. न विचारता. चप्पल काढली की हात थेट बटणावर. चारकोपमधला मे महिना, पत्र्याखालची खोली, माणसं घामाने निथळतायत, आणि हे मान किंचित तिरकी करून म्हणणार, "हां. आता कायतरी ऐकाक येता." पंख्याची घरघर त्यांना गाण्याच्या आड यायची. गाणं चालू नसलं तरी यायची. जाताना पंखा परत लावून जायचं मात्र त्यांना उभ्या आयुष्यात सुचलं नाही.

आमच्याकडे नवा फ्रिज आला तेव्हा आईने कौतुकाने त्यांना दाखवला. बुवांनी दार उघडून आत बघितलंसुद्धा नाही. फ्रिजच्या अंगाला कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, "काळी एकच्या खाली घसरता ह्यो." म्हणजे त्याची घरघर पेटीच्या पट्टीत बसत नव्हती. आई बिचारी दोन दिवस त्या फ्रिजकडे संशयाने बघत होती. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकींना, तर कुकरची शिट्टी बदलून आणायला लावली होती त्यांनी. दुकानदाराने कारण विचारलं तेव्हा काकींनी काय सांगितलं असेल, देव जाणे.

बुवांना जाऊन आता वर्ष होत आलं. आमच्या ओळीतली माणसं त्यांचा विषय निघाला की डोळे पुसतात. देवमाणूस होता, म्हणतात. मी तिथून उठून जाते. मला त्या माणसाचा राग होता आणि अजून आहे. माणूस मेला म्हणून त्याच्यावरचा राग मरावा, असं कुणी ठरवलंय?

ते भजनी बुवा होते. वडील गिरणीत, हे इथल्याच एका कारखान्यात फिटर, पण ती सगळी पोटाची सोय. खरं आयुष्य पेटीपुढे. कोकणातल्या माणसांची डबलबारी ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी सांगते. दोन बुवा आपापल्या मंडळासकट एकाच मांडवात बसतात, आळीपाळीने गातात आणि शेवटी गजरात एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढतात. मागे पखवाज, झांजा आणि कोरसची पोरं. बुवा स्वतः पेटी वाजवतो आणि स्वतः गातो. आमचे बुवा काळी पाचमध्ये गायचे, एवढ्या वरच्या पट्टीत की पहिल्या आलापालाच समोरच्या मंडळातली पोरं एकमेकांकडे बघायची.

ओळीतल्या प्रत्येक मुलाला त्यांनी फुकट शिकवलं. ज्याला सा आणि रे यांतला फरक ऐकू येत नव्हता त्यालाही शिकवलं. मी शाळेत असताना धीर करून एकदा विचारलं, "बुवा, मला शिकवाल पेटी?" ते उंबऱ्यावर बसून सुपारी कातरत होते. अडकित्ता न थांबवता म्हणाले, "चेडवांका पेटी शिकवून काय उपयोग? लगीन झाला की पेटी कपाटार जाता, आणि पेटीर सूटकेस."

आज बायका बुवा झाल्यात, मोठमोठ्या बाऱ्या गाजवतात, लोक तिकीट काढून ऐकायला जातात. आमच्या मंडळात मात्र बाईने प्रसाद वाटायचा.

पण त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये भिंत एकच होती आणि तीही एका विटेची. भिंतीला काय माहीत पलीकडे चेडू आहे की झील! त्यांची शिकवणी चालू झाली की मी आमच्या ओट्यापाशी उभी राहायचे आणि कडाप्प्यावर बोटं चालवायचे. पोरांना जे तीनतीनदा सांगावं लागायचं ते मला एकदा ऐकून कळायचं. कडाप्प्यातून आवाज येत नाही, एवढीच अडचण होती. माझं लग्न काही झालं नाही, कपाटावर ठेवायला माझ्याकडे सूटकेसही नाही. बुवांचा हिशेब तिथेच चुकला होता, पण ते त्यांना सांगणार कोण?

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालणं परत आलं, बोलणं परत आलं. शिव्या सगळ्यात आधी परत आल्या. डावा हात नाही आला. आणि पेटीवाल्याचा डावा हात म्हणजे भाता. उजव्याने पट्ट्या दाबायच्या, डाव्याने भाता मारायचा, वारा आत गेला तर आवाज. डावा गेला की पेटी म्हणजे नुसतं लाकडी खोकं.

मंडळातले लोक येऊन म्हणाले, बुवा, भाता कोरसमधला कुणीतरी मारेल, तुम्ही नुसत्या पट्ट्या दाबा. बुवांनी त्यांना जवळजवळ हाकलूनच दिलं. "भातो म्हणजे श्वास," मला भिंतीतून स्पष्ट ऐकू आलं. "दुसऱ्याच्या नाकान मी श्वास घेव?" मुलुंडला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने एक इलेक्ट्रिक कीबोर्ड आणून दिला. त्यावर पेटीच्या आवाजाचं बटण होतं. बुवांनी एक सूर वाजवला आणि कीबोर्ड परत खोक्यात घालायला लावला. "ह्यो पेटीचो आवाज नाय. पेटीच्या फोटोचो आवाज."

माघी गणपतीला आमच्या सेक्टरमध्ये दरवर्षी बारी होते आणि दरवर्षी आमच्या बाजूने बुवाच बसत आले होते. मंडळाने हळूच कळवलं, माघीपर्यंत बसता आलं तर बसा, नाहीतर दुसरा बुवा बघावा लागेल. आणि एकदा दुसरा बसला की तोच बसणार, हे सांगायची गरज नव्हती. काकी आमच्याकडे येऊन रडल्या. बुवा पलीकडे पंखा बंद करून अंधारात बसले होते.

मी तेव्हा घरूनच काम करायचे, एका कंपनीसाठी दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायचे. ते संपलं की डोकं शांत करायला एक वेबपेज उघडायचे. ब्राउझरमध्ये चालणारा सिंथेसायझर. काही विकत घ्यायचं नाही, काही उतरवून घ्यायचं नाही, पान उघडलं की वाद्य हजर. पडद्यावर गोल गोल नॉब आणि खाली पेटीसारख्या पट्ट्या. लॅपटॉपच्या अक्षरांच्या मधल्या ओळीवर पांढऱ्या पट्ट्या, वरच्या ओळीवर काळ्या. मी हेडफोन लावून त्यावर बुवांचे गजर वाजवायचे. कडाप्प्यापेक्षा बरं.

एके दिवशी हेडफोनची वायर निसटली आणि मला कळलं नाही. पाच मिनिटांत दारावर बुवा. आत आले, पंखा बंद केला, लॅपटॉपपुढे उभे राहिले.

"तां काय वाजता तुझ्याकडे?"

"काही नाही बुवा, कॉम्प्युटरवर जरा..."

"तिसऱ्या ओळीक गंधार चुकता तुझो."

बघा आता. ज्या मुलीला याने शिकवायला नकार दिला, ती याचाच गजर, याच्याच पट्टीत वाजवतेय, आणि हा माणूस काय म्हणतो तर गंधार चुकतो! कुठे शिकलीस, कधी शिकलीस, एक शब्द नाही. माझं पित्त खवळलं.

त्यांनी वाकून लॅपटॉपच्या मागे बघितलं, मग खाली बघितलं. "भातो खंय असा ह्याका?"

"भाता नाही."

"मगे वारो खंयसून येता?"

"वारा लागत नाही, बुवा. एका हाताने वाजतं."

 उजव्या हाताने त्यांनी आपला डावा हात उचलला, शर्टाच्या पोटापाशी नीट ठेवला आणि म्हणाले, "उद्या येतंय."

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या पिशवीत घालून स्वतःचा लॅपटॉप घेऊन आले. मुलाचा जुना, ज्यावर ते गजर टाइप करून ठेवायचे. मी त्यांना पान उघडून दिलं. मधोमध एक मोठं बटण होतं. माणसाने आधी बोट लावल्याशिवाय असं पान स्वतःहून आवाज करत नाही, ब्राउझरचा तसा नियमच आहे, हे मी त्यांना सांगितलं. अख्ख्या यंत्रातली ही एकच गोष्ट त्यांना पहिल्यापासून पटली. "बरी सवय असा," ते म्हणाले. "माणसांक पण लावा ती."

बटण दाबण्याआधी त्यांनी लॅपटॉप पाटावर ठेवायला लावला. उदबत्ती लावली. पडदा दोनदा अंधारला, दोनदा मी बोट फिरवून जागा केला. मग नमस्कार करून बटण दाबलं आणि पट्टी दाबली. काही वाजलं नाही. दुसरी दाबली. नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू त्यांची पेटी मीच फोडलीय.

मला शोधायला तासभर लागला. त्यांचा लॅपटॉप कायमचा मराठीवर होता, गजर लिहायला. पान बिचारं इंग्रजी अक्षराची वाट बघत होतं आणि बुवा त्याला काना, मात्रा, वेलांट्या पाठवत होते. भाषा बदलली आणि पहिला सूर वाजला. बुवा दचकले. मग लगेच कपाळाला आठी. "ह्यो आवाज नागडो असा."

तिथून माझी वाट लागली. दुपारी बुवांना गजर सुचायचा, ते मराठी करून टाइप करायचे, संध्याकाळी वाजवायला बसायचे आणि यंत्र मुकं. मग भिंतीवर थाप. साधी नाही, पखवाजाची. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असले तरी थाप. हेडफोन काढून पलीकडे जायचं, दोन कळा दाबून भाषा बदलायची, शिव्या खायच्या. "परत बिघडला तुझा यंत्र!" त्या दोन कळा मी त्यांना किती वेळा दाखवल्या असतील! ज्या माणसाला दीडशे गजर पाठ, त्याला दोन कळा लक्षात राहत नव्हत्या. राहत नव्हत्या कसल्या, ठेवायच्याच नव्हत्या. शेजारी हमाल बसलीय ना.

पानावर तयार आवाजांची मोठी यादी होती. बासरी, व्हायोलिन, चर्चचा ऑर्गन, कसले कसले अवकाशातले आवाज. बुवांनी चार ऐकले आणि म्हणाले, "केकावरच्या क्रीमसारखो असा सगळा. काढ." मग आम्ही त्या नागड्या आवाजापासूनच सुरुवात केली. माउस मी धरायचा, हुकूम त्यांचे. नॉबवरच्या इंग्रजी नावांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त त्यांची स्वतःची पेटी ऐकायची होती, कोपऱ्यात कापडाखाली ठेवलेली.

"सूर लगेच येता ह्याचो. पेटीचो येना नाय तसो. पेटीचो सूर दारातसून येता, ह्यो खिडकीतसून उडी मारता." मग सुरुवातीचा नॉब थोडा थोडा फिरवत आवाज उशिरा उमलायला लावला. "टोक काढ त्याचा, कानाक टोचता." आवाजाचं टोक कापणारा फिल्टर खाली आणला. "आता घोंगडी घातलंस तू! काढ अर्धी." अर्धी काढली. एका सुराला दोन आवाज जोडता यायचे. मी दोन्ही अगदी एका सुरात लावले, तर ते संतापले. "माझ्या पेटीत दोन पितळी पट्ट्या आसत एका सुराक. त्या कधी एक झाल्यो नाय. जराशी भांडान होयां त्यांच्यात. एक झाल्यो तर गाना मेला." दुसरा आवाज मी केसभर उतरवला. दोन्ही सुरांत बारीक थरथर सुरू झाली आणि कोपऱ्यातल्या कापडाखालची ती पेटीच वाजतेय असं वाटलं.

काकी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. पदराला हात पुसत तशाच उभ्या राहिल्या. बुवांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस चांगलं काहीतरी बोलेल.

"गंधार अजून उतारलेलो असा," ते म्हणाले.

घरी आले आणि ताटावर बसून रडले मी. आईला वाटलं बुवा ओरडले. ओरडण्याचं काय, त्याची सवय होती. मला राग याचा आला की दीड महिना तो माणूस मला शिकवत होता आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. सूर कसा येतो, कसा जातो, कुठे टोचतो, दोन सुरांत किती भांडण हवं. ओळीतल्या एका पोराला त्यांनी हे सांगितलं नव्हतं. मला सांगत होते, कारण माउस धरायला कुणीतरी हवं होतं. इतक्या वर्षांपूर्वी उंबऱ्यावर मागितलेलं हे मला आता मिळत होतं, तेही हमाली करताना.

लॅपटॉपचा स्वतःचा आवाज बारीक. मी म्हटलं, वायर लावून मोठा स्पीकर जोडू. बुवांना वायर नको. पाय अडकतो, म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं, डावा पाय जरा ओढायचेच ते. त्यांनी मुलाकडून एक ब्लूटूथ स्पीकर मागवला. मी सांगितलं की बुवा, ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो, बोट आधी पडतं आणि सूर मागून येतो. ते म्हणाले, "माका बरोबर ऐकाक येता."

येत होतं, हे खरं. भिंतीतून मलाही बरोबर ऐकू यायचं. त्यांचा पखवाजवाला, एक शांत गृहस्थ, सरावाला यायचा आणि दोघांचं झकास जमायचं. एकदा मी भाषा बदलायला गेले असताना त्यांच्या बोटांकडे बघितलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. बुवांचं बोट पखवाजाच्या ठोक्याच्या आधीच पडत होतं. आवाज उशिरा येतो हे त्यांच्या कानाने ओळखलं होतं आणि बोटाने गुपचूप आपली वेळ पुढे आणली होती. त्यांना स्वतःलाही न सांगता. मी म्हटलं, "बुवा, हे मांडवात अंगाशी येईल. तिथे वायर असेल."

"चाळीस वर्षां पेटी वाजवतंय," ते म्हणाले. "माका लय शिकवतस?"

मी म्हटलं, मरो.

माघीच्या बारीला मांडव भरला होता. समोरचे बुवा मुलुंडहून आले होते, तरुण, देखणे, हसतमुख. आमच्या मंडळाने रिवाज म्हणून बुवांची खरी पेटीही मंचावर आणून ठेवली होती, कापडासकट. पेटीशिवाय बारी बरी दिसत नाही. तिच्याशेजारी पाटावर लॅपटॉप. मला मंचामागे, विजेच्या बोर्डापाशी जागा मिळाली होती. साउंडवाल्याने स्पीकर बघितला आणि म्हणाला, "काका, ब्लूटूथ नको, मधेच तुटेल. डायरेक्ट वायर देतो." आणि दिली.

पहिली ओळ निभावली, कारण ती ठेक्याशिवाय होती. पखवाज सुरू झाला आणि गाडी घसरली. बोट आधी पडायची सवय, आणि वायरीतून सूर तत्क्षणी बाहेर. प्रत्येक सूर ठोक्याच्या पुढे. पखवाजवाल्याला वाटलं बुवा लय वाढवतायत, त्याने वाढवली. बुवा आणखी पुढे. कोरसची पोरं अर्धी इकडे, अर्धी तिकडे. "बुवा, खंय धावतास?" पखवाजवाला कुजबुजला ते माइकमधून अख्ख्या मांडवाने ऐकलं.

मग समोरच्या बुवांची पाळी. त्यांनी गजर बांधला तो असा की समोरची पेटी विजेवर चालते, आज करंट जरा जास्त आलेला दिसतो, कुणीतरी फ्यूज काढा. मांडव हसून लोटपोट. बारीतली चेष्टा ती, तशी रीतच आहे. पण बुवांचा चेहरा काळा पडला. माइक समोर होता हे विसरून, किंवा न विसरता, ते मागे वळून ओरडले, "ह्या चेडवान सगळां बिघडवून ठेवल्यान!"

सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला.

माझं डोकं फिरलं. पुढचं मी ठरवून केलं नाही. चप्पल काढली, मंचावर चढले, जिथे आमच्या मंडळाच्या कुठल्याही बाईने आरती सोडून पाय ठेवला नव्हता, आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "यंत्र बरोबर आहे, बुवा," मी म्हटलं. "तुमचं बोट चुकतंय. मी तेव्हाच सांगितलं होतं."

कुणीतरी "ए पोरी, खाली उतर" म्हणालं.  बुवांनी लॅपटॉपवरच्या आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग एक पट्टी दाबली, नुसतीच, आणि ऐकलं. पुन्हा दाबली. त्यांना कळलं. माझ्यादेखत कळलं. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. म्हणाले, "मगे आता काय करू?"

मी लॅपटॉप बाजूला सरकवला आणि खऱ्या पेटीवरचं कापड काढलं.

बुवांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. लगेच हुकूम सुटला. "बस. भातो मार."

दुसऱ्याच्या नाकाने श्वास घ्यायला तयार झाले होते ते. दुसरं कुणीही असतं तर गहिवरून भात्याला हात घातला असता. काकी समोर बायकांत बसल्या होत्या, हात जोडून. पण माझ्या घशात इतक्या वर्षांचा कडाप्पा अडकला होता.

"भाता मारणार नाही," मी म्हटलं. "वाजवायची तर सगळी वाजवीन. दोन्ही हातांनी. नाहीतर राहू दे."

समोरच्या मंडळाचा पखवाज थांबला होता. मंडळाचे सेक्रेटरी मंचाच्या कडेला येऊन हातवारे करत होते. बुवा माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, हातांकडे बघत होते. मग त्यांनी उजव्या हाताने मांडी धरून स्वतःला बाजूला ओढलं. हातभर. पेटीपुढे एका माणसाची जागा झाली.

"काळी पाच," ते म्हणाले. "आणि घाबरलंस तर उठून जा."

मी वाजवलं आणि ते गायले. भिंतीतून ऐकलेलं सगळं बोटांत होतं. आधी कडाप्प्यावर, मग अक्षरांच्या कळांवर वाजवलेलं. भाता मात्र नवा होता मला, पहिल्या ओळीत वारा कमी पडला. बुवांनी तेवढ्यापुरता आवाज खाली घेतला आणि वारा आल्यावर वर नेला. सांभाळून घेतलं, असं म्हणावं लागेल. मला म्हणायचं नाहीये, पण म्हणावं लागेल. शेवटच्या गजरात त्यांनी मुलुंडच्या बुवांना असं काही धुतलं की ते स्वतः हसत उठून पाया पडायला आले.

मांडवातून परतताना काकींनी माझा हात धरला होता. बुवा पुढे पाय ओढत चालले होते. आमच्या दाराशी थांबून म्हणाले, "तिसऱ्या ओळीक गंधार परत चुकलंस."

बस. एवढंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीवर थाप पडली. मी भाषा बदलायला पलीकडे गेले. लॅपटॉप बंदच होता. "तू कित्याक इलंस?" बुवा खेकसले. "जा, थंयसून वाजव. माका बघूचा नाय, ऐकूचा असा." त्यांनी मला घरात बोलावून, समोर बसवून कधीच शिकवलं नाही. मी आमच्या बाजूला त्याच पानावर, आम्ही दोघांनी बांधलेला, मी माझ्याकडेही जपून ठेवलेला तोच आवाज उघडायचे, स्पीकर वायरने जोडायचे, पंखा बंद करायचे आणि वाजवायचे. चुकलं की थाप. थाप आली की ओळ पहिल्यापासून. नाही आली की पुढे. थाप न येणं हीच शाबासकी. ती मिळवायला मी घाम गाळला, अक्षरशः. ओरडून विचारायचे, "आता काय चुकलं?" उत्तर नाही. पुन्हा थाप.

दिवाळीच्या आधी ते गेले. दुसरा झटका. मंडळाने पेटी नेली, मंडळाचा वारसा म्हणून. तिच्यापुढे आता ज्या मुलाला बसवलंय त्याला बुवा सा आणि रे शिकवता शिकवता टेकीला आले होते. मला बोलावणं आलं नाही. मी एकदा वाजवलं ते अडचणीत वाजवलं, असं सेक्रेटरींचं म्हणणं. आणि बुवांनी आयुष्यात एकदा, एकदाच, चारचौघांत म्हटलं असतं की ही माझी शिष्या, तर कुणाची टाप होती मला डावलायची? नाही म्हटलं. नाही म्हणजे नाही. हा तो राग. हा मी कुणाच्या डोळे पुसण्याने सोडणार नाही.

काकी मुलाकडे मुलुंडला गेल्या. पलीकडच्या घरात नवं बिऱ्हाड आलंय, नवरा-बायको आणि तान्हं बाळ. पेटी गेली तरी आवाज माझ्याकडे आहे. पान उघडायचं, मधलं बटण दाबायचं, की दोन भांडणाऱ्या सुरांसकट बुवांची पेटी वाजायला लागते. परवा मी त्यांचा तोच गजर घेतला होता. तिसरी ओळ, गंधार. लागला, अगदी जिथे लागायला हवा तिथे. आणि त्याच वेळी पलीकडून भिंतीवर थाप पडली, जोरात. बाळ झोपलं असणार.

"बरोबर होता!" मी ओरडले. घसा फुटेस्तोवर ओरडले. "बरोबर होता या वेळी!"

पलीकडे सगळं चिडीचूप झालं. आई धावत बाहेर आली. माझी बोटं तोवर मागे गेली होती आणि ओळ पहिल्यापासून सुरू झाली होती.